सुंता, पंगत आणि पौलाचं भांडण: नियमशास्त्र विरुद्ध विश्वास या वादाची पार्श्वभूमी

देवासमोर नीतिमान ठरायला नियमशास्त्र, म्हणजे मोशेनं दिलेले नियम, पाळायचे की नुसता विश्वास पुरे, हा विषय निघाला की बरेच जण सरळ दोन खाती पाडतात, ज्यू म्हणजे कर्मकांड आणि ख्रिस्ती म्हणजे मनातली श्रद्धा. मला हे अजिबात पटत नाही, कारण अंतःकरणाची सुंता करा ही भाषाच मुळात मोशेच्या नियमशास्त्रातली आहे, अनुवाद या पुस्तकातली. जुना ज्यू संदेष्टा होशेय सांगतो की देवाला यज्ञ नको, दया हवी, दुसरा संदेष्टा आमोस याच्या तोंडून तर देव म्हणतो की मला तुमच्या सणांचा तिटकारा आहे. होशेयचं तेच वाक्य येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा काढतो. म्हणजे हे भांडण घरातलंच आणि जुनं.

मग बाहेरच्या नियमांना एवढं महत्त्व का आलं? इथे इ.स.पू. 167 च्या आसपासचा काळ बघायला हवा. ज्यूंवर राज्य करणारा ग्रीक राजा अंतियोख चौथा यानं सुंता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, यांवर बंदी घातली, आणि त्या काळाचा इतिहास सांगणाऱ्या पहिल्या मक्काबी ग्रंथात लिहिलंय की बाळाची सुंता केली म्हणून आयांना मारलं आणि ती बाळं त्यांच्याच गळ्यात लटकवली. ज्या खुणेसाठी लोकांनी असा जीव दिला तिला 'नुसतं बाह्य कर्म' म्हणणं मला तरी जमत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू बघा ना, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, पिढ्यानपिढ्या सुंता, शब्बाथ आणि खाण्याचे नियम यांनीच त्यांची ओळख धरून ठेवली.

येशूसुद्धा नियम मोडीत काढायला आलो नाही असं म्हणतो. परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू गटाला, तो सुनावतो की पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश देता पण न्याय आणि दया सोडता, पण लगेच पुढे म्हणतो की हे करायचं आणि तेही सोडायचं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात मात्र सगळं अन्न शुद्ध ठरवलं असं येतं, पण ती लेखकाची टिप्पणी वाटते, कारण मत्तय तोच प्रसंग सांगताना ते वाक्य घेत नाही, आणि येशूनं इतकं स्पष्ट सांगितलं असतं तर येशूचा शिष्य पेत्र याला पुढे यापो गावी, चादरीतले शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी मारून खा, असा दृष्टांत व्हायची गरजच काय होती.

खरी ठिणगी पडली परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेले, लोक येशूवर विश्वास ठेवू लागले तेव्हा. साधारण इ.स. 49 मध्ये यरुशलेमात येशूच्या अनुयायांच्या पुढाऱ्यांची बैठक झाली, सुंतेची सक्ती नाही असं ठरलं, फक्त मूर्तीपुढचं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म टाळा एवढं सांगितलं. पण अंत्युखिया शहरात प्रश्न पंगतीचा झाला, सुंता न केलेल्यांबरोबर जेवायचं का. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली तसा तो मागे सरला, पौलाचा साथीदार बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला, आणि परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. पंक्तीभेद म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल हे सगळं सांगतो तेव्हा तो किती संतापलाय ते ओळीओळीत दिसतं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मात्र माणूस केवळ विश्वासानं नाही तर कृतींनी नीतिमान ठरतो असं आहे, जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं 1522 मध्ये त्या पत्राला गवताचं, म्हणजे हलक्या मोलाचं, पत्र म्हटलं. मला वाटतं हा अन्याय झाला, कारण याकोबाच्या त्या वादात सुंतेचं नावही नाही, तो उघड्या आणि उपाशी भावाबहिणीबद्दल बोलतोय.

आणि पौल तरी एकसुरी कुठे होता, आपल्या साथीदारांपैकी तीताची सुंता होऊ दिली नाही पण तीमथ्याची स्वतः केली. शेवटी यरुशलेमात आला तेव्हा नवस केलेल्या चार माणसांचा खर्च उचलून त्यांच्यासोबत शुद्ध व्हायला मंदिरात गेला, आणि परक्यांना आत आणून मंदिर विटाळलं असा आरोप होऊन तिथेच पकडला गेला.