आकडे एकच, तरी उत्तर एक निघत नाही

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या कडेने जाणाऱ्या नियोजित बालभारती–पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला की रस्ता हवा म्हणणारे आणि टेकडी राखा म्हणणारे, दोन्ही बाजूंकडून एकच वाक्य ऐकू येतं: शास्त्रीय अभ्यास होऊ द्या, वाद आपोआप मिटेल. अभ्यास हवाच. चौकात गाड्या किती खोळंबतात, टेकडीच्या बेसॉल्टमधल्या भेगांतून पाणी किती मुरतं, हे मोजता येतं. तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा सांगणाऱ्या पाणाड्याचा दावा काटेकोर चाचणीत टिकत नाही. तिथे मतामतांचा प्रश्नच येत नाही. उपाय निवडताना मात्र गाडी अडते, आणि ती का अडते हे एका सुंदर गणितातून कळतं.

समजा, तीन पर्याय आहेत: टेकडीवरून रस्ता, सेनापती बापट रस्त्यावर उड्डाणपूल आणि पीएमपीच्या जादा बस. हेही समजा की सर्वांना आकडे मान्य आहेत: वेळ सर्वांत जास्त रस्त्याने वाचतो, मग पुलाने, मग बसने, खर्च बसचा कमी, रस्त्याचा मध्यम, पुलाचा जास्त.

वेळ वाचवू पाहणाऱ्या गटाचा क्रम: रस्ता, पूल, बस. टेकडी राखू पाहणाऱ्यांचा: पूल, बस, रस्ता. पैसा जपणाऱ्यांचा: बस, रस्ता, पूल. तिन्ही गट सारखेच मोठे, तिघांचंही डोकं ठिकाणावर.

आता दोन-दोन पर्यायांवर मतं घ्या. रस्ता पुलाला हरवतो, पूल बसला हरवतो आणि बस रस्त्याला! प्रत्येक निकाल दोन विरुद्ध एक. आधी रस्ता-पूल घेऊन विजेत्याची गाठ बसशी घातली तर बस जिंकते. सुरुवात पूल-बसने केली तर रस्ता. बस-रस्त्याने केली तर पूल. म्हणजे सभेची विषयपत्रिका ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल.

हे चक्र फ्रान्सचा गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ मध्ये दाखवलं. पुढे १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरोंनी सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर वैयक्तिक पसंतीक्रमांतून सामूहिक क्रम लावणारी कोणतीही पद्धत काही मोजक्या, रास्त वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. अपवाद एकच, एकट्याचंच म्हणणं कायम चालणारी पद्धत. तीन गटांच्या जागी एकाच अहवालातले तीन निकष ठेवले आणि फक्त क्रम पाहिले, तरी हेच चक्र फिरतं.

अहवाल यातून वाट काढतात ती प्रत्येक पर्यायाला गुण आणि प्रत्येक निकषाला वेटेज, म्हणजे शंभरातलं वजन, देऊन: वेळेला ५०, खर्चाला ३०, पर्यावरणाला २०, असं काहीतरी. हे वेटेज कोणत्याही उपकरणाने मोजलेलं नसतं, कोणीतरी ठरवलेलं असतं. एआय सगळं सोडवेल म्हणणाऱ्यांनाही ते कुठूनतरी आणावंच लागतं.

म्हणून वेटेजचा तक्ता अहवालाच्या पहिल्या पानावर छापावा आणि काम ठरण्याआधी त्यावरच हरकती-सूचना मागवाव्यात. पर्यावरणाचे २० चे ४० केले तर पहिला क्रमांक कोणाकडे जातो, हेही शेजारच्या रकान्यात द्यावं.