लघवीत दिसणारा विस्मरणाचा माग

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड प्रथिनाची पुटं साचायला लागतात ती विस्मरण जाणवण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. ती पाहायची तर पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचं चित्र काढणारी तपासणी, करावी लागते, नाहीतर कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढावं लागतं. पहिलं महाग, दुसरं नकोसं. धडधाकट माणूस यांतल्या कशालाच सहजी तयार होणार नाही. म्हणून संशोधक आधी रक्ताकडे वळले, आणि त्यांतले काही लघवीकडे.

लघवीच का? रक्ताची घडण स्थिर राहावी म्हणून शरीर सतत धडपडत असतं. एखादा टाकाऊ पदार्थ वाढला की मूत्रपिंडं तो बाहेर काढतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात, त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर पडतं. म्हणजे रक्तात विरळ असलेले काही पदार्थ लघवीत एकवटतात.

अमायलॉइड आणि टाऊ ही अल्झायमरची मुख्य प्रथिनं मात्र इथे सहसा हाती लागत नाहीत. लहान प्रथिनं गाळली गेली तरी मूत्रपिंडातल्या नलिका ती परत शोषून मोडून टाकतात. त्यामुळे शोध वळतो तो आणखी लहान रेणूंकडे. ऑक्सिडीकरणाने पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांची हानी झाली की आयसोप्रोस्टेन तयार होतात; त्यांच्यावर बरीच वर्षं काम चाललं आहे. पण मला सगळ्यांत लक्षवेधी वाटतं ते फॉर्मिक आम्ल.

त्याचं मूळ फॉर्मल्डिहाइडमध्ये आहे. अवयव टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनमधला हा पदार्थ आपल्या पेशींतही रोज थोडाथोडा तयार होतो. प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकणं हा त्याचा गुण, आणि प्रयोगशाळेत त्याच्यामुळे टाऊच्या गुठळ्या होताना दिसल्या आहेत. पेशी त्याचं फॉर्मिक आम्ल करून टाकते. ते पाण्यात विरघळतं आणि त्यातलं काही लघवीवाटे निघून जातं.

२०२२ मध्ये शांघायमधल्या संशोधकांनी ५७४ जणांची लघवी आणि रक्त तपासलं. त्यांत स्मरणशक्ती शाबूत असलेले होते, अल्झायमर झालेले होते आणि मधल्या पायऱ्यांवरचेही होते. एक गट तर असा, की चाचणीत सगळं ठीक, पण माणूस स्वतः म्हणतो, ‘हल्ली काहीतरी बिनसलंय.’ या गटातसुद्धा फॉर्मिक आम्ल निरोगी लोकांपेक्षा जास्त निघालं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच. चाचणीला जे दिसलं नाही आणि माणसाला जे जाणवलं, त्याची खूण लघवीत होती.

तरीही एवढ्यावरून निदान करणं मला पटत नाही. फॉर्मिक आम्ल फक्त मेंदूतून येत नाही. आतड्यातले जिवाणू ते बनवतात, आहारातल्या मिथेनॉलपासूनही ते तयार होतं. त्याची विल्हेवाट लागायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं तर आम्ल साचू शकतं. शिवाय पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या, म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीत रोज साधारण सारखाच पडणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या, प्रमाणात मोजावा लागतो. वयस्कर माणसांत मूत्रमार्गाच्या संसर्गानेही एकदोन दिवसांत भ्रम होऊ शकतो, घरच्यांना तो स्मृतिभ्रंश वाटतो. म्हणून गोंधळ अचानक सुरू झाला असेल तर डॉक्टरांकडे लगेच जावं. अल्झायमर असा रातोरात येत नाही.

लघवीची चाचणी उपयोगी पडेल ती चाळणीसारखी. अनेकांतून थोडे निवडायचे आणि पुढच्या तपासण्या त्यांच्याच करायच्या. रक्ताची बाजू तर बरीच पुढे गेली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती टाऊचा एक प्रकार आणि अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजते, तेही लक्षणं दिसू लागलेल्यांमध्येच. लवकर निवड करण्याला अर्थ आहे, कारण २०२३ मध्ये तिथे पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे औषध आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहे. ते ऱ्हास थोडा मंदावतं, थांबवत नाही.

शांघायमध्ये प्रत्येक गटाकडे एकदाच पाहिलं गेलं. आज ज्याचं आम्ल वाढलेलं आहे त्याला पुढे अल्झायमर होतोच का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांची लघवी वर्षानुवर्षं तपासत राहावी लागेल. नमुना देताना सुई टोचावी लागत नसल्याने लोक त्याला तयार होणं तुलनेने सोपं आहे.