फ्लॅट भाड्याने देताना: कराराची नोंदणी, पोलिसांना माहिती आणि सोसायटीला पत्र

महाराष्ट्रात फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरला की कागद तीन ठिकाणी जातात. करार नोंदणी व मुद्रांक विभागाकडे, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याकडे आणि या दोन्हींच्या प्रती सोसायटीच्या कार्यालयात. ही तीन वेगवेगळी कामे आहेत. करार नोंदवला म्हणजे पोलिसांचे काम आपोआप झाले, असे धरून चालू नये. पोलिसांची पोच हातात आहे म्हणून नोंदणी टाळताही येत नाही. फाइलमध्ये एखादा कागद नाही हे बहुधा लक्षात येते ते चोरी झाल्यावर किंवा भाडेकरू जागा सोडायला तयार नसल्यावर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

सोसायटीला कागद आठ दिवस आधी द्यायचे असतात, आणि पोलिसांच्या अर्जात कराराच्या तारखा भराव्या लागतात. म्हणून भाडेकरू राहायला येण्याच्या किमान तीन आठवडे आधी कामाला लागा. सामान आले, मग कागद बघू, हा क्रम उलटा आहे.

करार आणि त्याची नोंदणी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची किंवा एजंटची नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून महत्त्वाची तरतूद पुढची आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो.

करार अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज अजूनही घट्ट आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीतून सूट आहे ती नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे त्या सुटीचा उपयोग नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, आणि स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरी केलेला करार नोंदणीकृत ठरत नाही.

मुदत ६० महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागते. ते कशावर लागते हे नीट समजून घ्या: संपूर्ण मुदतीचे एकूण भाडे, अधिक परत न मिळणारी रक्कम, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्के. समजा भाडे महिना १५,००० रुपये, मुदत २४ महिने आणि परत मिळणारी अनामत २ लाख आहे. भाड्याचे झाले ३,६०,०००. अनामतीवर वर्षाला २०,००० म्हणजे दोन वर्षांचे ४०,०००. एकूण ४ लाख, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,००० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. ऑनलाइन नोंदणीचे दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी यात धरलेली नाही. एजंटकडून काम करून घेणार असाल तर सरकारी शुल्क किती आणि त्याचा मेहनताना किती, हे दोन आकडे वेगळे लिहून मागा.

ऑनलाइन अर्जात सगळ्यात जास्त चूक होते ती अनामतीच्या रकान्यात. ‘परत मिळणारी’ आणि ‘परत न मिळणारी’ असे दोन रकाने असतात. वरच्या उदाहरणात २ लाख चुकून दुसऱ्या रकान्यात गेले तर शुल्क १,००० ऐवजी १,४०० होईल. ते चारशे रुपये सोडून देता येतील, पण नोंदणीकृत करारात अनामत परत मिळणार नाही असे छापले गेले तर ते भाडेकरूला फार महागात पडेल. अंगठे देण्याआधी दोन्ही बाजूंनी मसुदा स्वतः वाचावा, एजंटने वाचून दाखवला त्यावर भागवू नये.

नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सेवेतून हे काम घरी बसून होते. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार अशा चौघांचे आधार लागते. प्रत्येकाचा अंगठा बायोमेट्रिक यंत्रावर घेतला जातो आणि वेबकॅमवर फोटो. ज्येष्ठांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा नाकारते. अशा वेळी दुसरे बोट वापरून पाहावे, आणि तेही जमले नाही तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्यावेत. ज्याच्याकडे आधार नाही त्याने दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन नोंदणी करावी. अर्ज सादर झाला म्हणजे नोंदणी झाली असे नाही. दुय्यम निबंधक तो तपासतात आणि त्रुटी असेल तर परत पाठवतात. नोंदणी क्रमांक असलेला करार आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश) डाउनलोड होईपर्यंत काम अर्धवट समजा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो.

मालकाने इंडेक्स टू किंवा मालमत्ता कराची पावती, वीजबिल, पॅन आणि आधार हाताशी ठेवावे. भाडेकरूचे पॅन, आधार आणि कायमच्या पत्त्याचा पुरावा लागतो. मालक परदेशात असेल आणि कुलमुखत्यारपत्रावर काम होणार असेल, तर ते पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. हा मुद्दा हमखास विसरला जातो. मालक हयात नसेल तर वारसांनी आधी सोसायटीच्या दफ्तरी नावाची नोंद करून घ्यावी. मृताच्या नावाने करार करता येत नाही.

पोलिसांना माहिती

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती देणे घरमालकांना बंधनकारक करतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू आहे. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुरता असतो आणि पुन्हा काढला जातो. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दाखल होतो तो मालकावर.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरता येते. त्यात मालकाचे नाव, पत्ता, मोबाइल आणि फोटो. भाड्याने दिलेल्या जागेचा पत्ता. कराराची सुरुवात आणि शेवट. भाडेकरूचा फोटो, कायमचा पत्ता, ओळखपत्र आणि कामाचे ठिकाण. आणि त्याला ओळखणाऱ्या व्यक्तींची नावे-क्रमांक विचारले जातात. व्यवहार एजंटमार्फत झाला असेल तर त्याचाही तपशील द्यायचा असतो. फोटो आणि कागद ठरावीक आकारातच स्वीकारले जातात, त्यामुळे मोबाइलवर काढलेला मोठा फोटो आधी लहान करून घ्या. अर्ज मध्येच अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

दुसरी चूक पोलीस ठाणे निवडताना होते. मालक स्वतः राहतो तिथले ठाणे निवडतो. भाड्याची जागा ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तेच ठाणे निवडायचे असते. मोठ्या रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या ठाण्यांकडे असू शकतात, म्हणून सोसायटीने आपल्या ठाण्याचे नाव सूचना फलकावर कायम लावून ठेवावे.

हातात येते ती माहिती दिल्याची पोच. हा भाडेकरूच्या चारित्र्याचा दाखला नाही. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हा निराळा अर्ज आहे, तो ती व्यक्ती स्वतः करते आणि त्याचे शुल्क वेगळे असते. सोसायटीने भाडेकरूकडून असे प्रमाणपत्र सक्तीने मागण्याची गरज नाही, आणि मालकानेही ‘पोलिसांनी तपासून दिलाय’ असे शेजाऱ्यांना सांगू नये. पोचचा खरा उपयोग असा की उद्या काही घडले तर त्या घरात कोण राहतो याची नोंद पोलिसांकडे आधीपासून असते.

एका फ्लॅटमध्ये चौघे राहणार असतील तर चौघांची नावे करारात आणि पोलिसांच्या माहितीत यायला हवीत. एकाच्या नावावर करार आणि बाकी तिघे ‘मित्र म्हणून’, ही पद्धत शहरात सर्रास दिसते. मुदतीच्या मध्येच एक जण जाऊन दुसरा येतो आणि कागदांवर जुनाच माणूस राहतो. असा बदल झाला की पोलिसांना नव्या माणसाची माहिती द्यावी आणि करारातही दुरुस्ती करून घ्यावी. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते (पूर्वी हा फॉर्म सी म्हणून ओळखला जात असे). ही जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे आणि वरच्या अर्जाने ती पूर्ण होत नाही.

सोसायटीला काय द्यायचे, सोसायटीने काय मागायचे

आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी लेखी कळवावे आणि सोबत नोंदणीकृत कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सचिवाची सही, तारीख आणि शिक्का घ्या. ईमेलने पाठवले असेल तर तो ईमेल जपून ठेवा. भाडेकरू अविवाहित आहे, अमुक धर्माचा आहे, अमुक खातो, म्हणून अडवण्याचा अधिकार या उपविधी समितीला देत नाहीत. समितीचे काम कागद पूर्ण आहेत का ते पाहण्याचे आणि नोंद ठेवण्याचे आहे. हे काम चोख झाले तर सोसायटी खरोखर सुरक्षित होते, माणसे निवडत बसून होत नाही.

पैशाचा वाद बहुधा बिनभोगवटा शुल्कावरून, म्हणजे मालक स्वतः न राहता जागा दुसऱ्याला देतो तेव्हा सोसायटी घेते त्या शुल्कावरून होतो. बिलावर हे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणून दिसते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इथे अनेक बिले चुकतात, कारण १० टक्के एकूण बिलावर लावले जातात. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) ही सेवा शुल्कात येत नाहीत. बिल ४,५०० रुपयांचे असेल आणि त्यात सेवा शुल्क २,००० असेल, तर महिन्याला जास्तीत जास्त २०० रुपये घेता येतात, ४५० नाही. आई-वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशा कुटुंबीयांना जागा राहायला दिली असेल तर हे शुल्क लागत नाही. सोसायटी जास्त घेत असेल तर आधी समितीला लेखी तक्रार द्या, उत्तर आले नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. भाडेकरूकडून शिफ्टिंगच्या नावाखाली मनमानी रक्कम मागणेही योग्य नाही.

कागद मागताना सोसायटीने एक पथ्य पाळावे. आधारची पूर्ण प्रत मागण्याऐवजी मास्क्ड आधार घ्यावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून डाउनलोड होते. भाडेकरूचे कागद व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत, फलकावर तर मुळीच लावू नयेत. गेटवर सुरक्षारक्षकाकडे फ्लॅट क्रमांक, राहणाऱ्यांची नावे, मोबाइल आणि गाडीचा नंबर एवढेच असावे. याशिवाय या यादीत वयस्कर, आजारी किंवा चालता न येणारी माणसे कुठल्या घरात आहेत याची खूण असली तर आग लागल्यावर जवानांना आधी कुठे जायचे ते सांगता येते. घरकाम करणाऱ्या ताई, चालक आणि रक्षक यांची माहितीही पोलिसांना देता येते. रक्षक एजन्सीकडून येत असतील तर एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ खालचा परवाना आहे का, हे करार करण्याआधी पाहा.

मुदत संपताना

करार वाढवायचा असेल तर नवा करार, नवी नोंदणी आणि पोलिसांना नव्या तारखांची माहिती, असे तिन्ही टप्पे पुन्हा करावे लागतात. तोंडी ‘पुढे चालू ठेवा’ म्हटले की मुदत संपल्यावर राहणाऱ्या माणसाकडे वैध कागद उरत नाही आणि मालकाची बाजूही लंगडी पडते. भाडेकरू जागा सोडत नसेल तर मालक भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम लागू होते. या अर्जात लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. कुलूप बदलणे किंवा वीज-पाणी तोडणे मालकाने करू नये आणि समितीनेही त्याला साथ देऊ नये.

भाडेकरू जाताना वीजबिल, गॅस आणि सोसायटीची थकबाकी मिटल्याचे लिहून घ्यावे, मग अनामत परत करून त्याची पावती घ्यावी. जागा रिकामी झाल्याची तारीख मालकाने त्याच आठवड्यात सोसायटीला कळवावी, म्हणजे गेटवरच्या यादीतून नाव निघेल आणि बिनभोगवटा शुल्क लावणे थांबेल.