वाघिणीवरची अक्षरं

कोकण रेल्वे अजूनही बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यामुळे मांडवी गेली, जनशताब्दी गेली, मागून राजधानी गेली, तरी मालगाडी आपली बाजूच्या लाइनीवर उभी, हे दृश्य रत्नागिरीपासून कुडाळपर्यंत कुठल्याही स्टेशनावर रोजचंच. फलाटावर ताटकळणाऱ्याला तेवढ्या वेळात वाघिणी वाचून काढण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. (वॅगनला वाघीण म्हणणाऱ्या माणसाला एकदा भेटायला हवं होतं.) तपकिरी पत्र्यावर पांढरी अक्षरं, लांबलचक नंबर, पुढच्या दुरुस्तीची तारीख, खडूने केलेल्या खुणा. आणि धुळीत बोटाने लिहिलेलं ‘गणपती बाप्पा मोरया’, नाहीतर बाण घुसलेलं एखादं हृदय.

अमेरिकेतल्या मालगाड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर दिसतात तेव्हा म्हणूनच चमकायला होतं. तिथे डबा न् डबा ग्राफिटीने, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या रंगीत सह्यांनी आणि चित्रांनी, रंगलेला असतो. ‘काय कला आहे!’ आणि ‘दोन रट्टे द्यायला हवेत’ अशी दोन्ही मतं एकाच घरात निघतात. हा वाद तिथेही मिटलेला नाही.

या ग्राफिटीची सुरुवात रंगाच्या स्प्रेने झाली नाही. कामाच्या शोधात मालगाडीत चोरून बसून गावोगाव फिरणारे मजूर आणि खुद्द रेल्वेचे कामगार, दोघेही खडूने किंवा जाड तेलखडूने डब्यावर आपली खूण काढत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत टेक्सासमधल्या एका रेल्वे कामगाराने ‘बोझो टेक्सिनो’ नावाचा टोपीवाला गडी काढायला घेतला. टोपीची कड आडव्या आठच्या आकड्यासारखी. पुढे सेंट लुईसच्या यार्डातल्या एका कामगाराने ताडाच्या झाडाखाली झोपलेला ‘हर्बी’ वर्षानुवर्षं हजारो डब्यांवर काढला. वरिष्ठ ओरडले असतील, पण फारसं कुणाचं बिघडलं नाही. खडू पावसात फिका होतो, नंबर झाकत नाही, आणि काढणारा घरचाच माणूस.

रंग आला तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून. १९७१ मध्ये तिथल्या मोठ्या दैनिकाने ‘टाकी १८३’ अशी सही जागोजागी करणाऱ्या पोराची बातमी छापली आणि सह्यांचं पेवच फुटलं. पुढची पंधरा-अठरा वर्षं प्रशासन आणि पोरं यांची झटापट चालली. अखेर रंगवलेला डबा धुतल्याशिवाय बाहेर काढायचाच नाही असं धोरण आलं आणि मे १९८९ मध्ये भुयारी गाड्या स्वच्छ झाल्याचं जाहीर झालं. आपलं काम कुणी पाहणारच नसेल तर रात्र जागवायची कशाला? पोरं मालगाड्यांकडे वळली.

तिथे त्यांना हवं ते सगळं मिळालं. अमेरिकेतले बरेच डबे रेल्वेचे नसतातच. ते भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे किंवा माल पाठवणाऱ्यांचे असतात. ते यार्डात दिवसचे दिवस उभे राहतात. आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं, आणि चालणाऱ्या डब्याला पुन्हा रंग देण्याचा खर्च कुणालाच नको असतो. नंबर झाकला तर मात्र तो पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून जुने रंगारी नवख्यांना बजावतात, नंबराला हात लावू नका. भांडण अर्धंमुर्धं मिटवणारी ही तडजोड कुठेही लिहिलेली नाही.

उरलेलं अर्धं भांडण नजरेचं आहे. रेल्वे कंपनीला त्यात अतिक्रमण आणि रुळांवर चेंगरून मरणारी पोरं दिसतात, आणि ते खोटं नाही. जुन्या रेल्वेप्रेमींना राग येतो तो आवडती बोधचिन्हं झाकली जातात म्हणून. उलट काही जण कॅमेरा घेऊन रुळाकाठी उभे राहतात ते फक्त ही चित्रं टिपायला. छोट्या मॉडेल गाड्या बनवणाऱ्यांतही तट आहेत: खरी गाडी जशी दिसते तशी करायची तर ग्राफिटीचे स्टिकर लावायला हवेत, की नकोत?

आपल्याकडे हे का रुजलं नाही याचं उत्तर मला संस्कारांत सापडत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भिंतींवर नावं कोरणारे आपलेच आहेत. उत्तर वाघिणीच्या व्यवस्थेत आहे. इथे बहुतेक वाघिणी भारतीय रेल्वेच्या मालकीच्या, पूर्ण रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, एकत्र धावणार, ठरावीक मुदतीने कारखान्यात जाणार. आणि त्या अकरा आकडी नंबरावर सगळा कारभार: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या सालाचे, चार अनुक्रमाचे, शेवटचा पडताळ्याचा. हा नंबर खोडणं किंवा बदलणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १४७ खाली वेगळा गुन्हा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबादला मेट्रोचा डबा रंगवल्याबद्दल चार इटालियन पकडले गेले.

परवानगी असेल तर मात्र रेल्वेला रंगाचं वावडं नाही. २०१८ मध्ये बिहार संपर्क क्रांतीच्या डब्यांवर मधुबनी चित्रं आली, आणि जाहिरातींनी नखशिखांत मढवलेल्या लोकलला तर कुणी विद्रूप म्हणत नाही. इथे माझं मन थोडं रंगाऱ्यांकडे झुकतं.

रत्नागिरीजवळचं उक्षी स्टेशन ज्या गावाचं, तिथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, कोरलेला हत्ती आहे. तो दाखवून कुणी ना कुणी म्हणतंच, की हीच आपली पहिली ग्राफिटी. मला पटत नाही. ग्राफिटीला आधी दुसऱ्याची मालकी लागते, आणि त्या सड्याचा तेव्हाचा सातबारा कुणी पाहिलाय? कोकणातला रंग बहुधा स्वतःच्या वस्तूवरच चढला. होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, देवाचं किंवा आईचं नाव घालायचं, दर हंगामाला हात फिरवायचा, तो मालकाने.

म्हणूनच इथली खरी रंगीत मालगाडी म्हणजे रो-रो. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा अशी ती सुरू झाली. सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवायचे, चालक आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसणार, घाटातलं डिझेल आणि टायर वाचणार. वाघीण सरकारी आणि कोरी. तिच्यावरच्या ट्रकला मात्र मोर, कमळं, लिंबू-मिरची, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. राज्याच्या परिवहन आयुक्तांनी एप्रिल २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, कारण त्याने उगाच हॉर्न वाजवायला चिथावणी मिळते. तरी परराज्यातला एखादा ट्रक ती अक्षरं मिरवत जातोच, मागच्या ट्रकच्या नाकासमोर, आणि त्या ट्रकचा चालक केबिनमध्ये लुंगी सैल करून आडवा झालेला असतो.