शिकाऊ उमेदवार ठेवताय? आधी करार, मग मशीन

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्री व मशीनशॉप ग्राहकांसाठी

आयटीआयचे निकाल लागले की उमेदवारीचे करार करून देणाऱ्या आमच्या कार्यालयात एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "साहेब, दोन पोरं ठेवलीत अप्रेंटिस म्हणून. महिना होत आला. आता कागदाचं काय ते बघा." कागद करायचे आहेत हे मालकांच्या लक्षात असतं, याचं समाधान आहे. क्रम मात्र उलटा झालेला असतो, आणि या एका चुकीपायी मालकाचं आणि मुलाचं, दोघांचंही नुकसान होतं. तेवढ्यासाठीच हे माहितीपत्रक काढलं आहे.

आपल्याकडे कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला 'अप्रेंटिस' म्हणायची पद्धत आहे. कायदा तसं म्हणत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे मालक आणि उमेदवार यांच्यात करार झाला आणि तो सरकारदरबारी नोंदला गेला, तरच तो मुलगा शिकाऊ उमेदवार ठरतो. मग तो 'कामगार' राहत नाही, 'प्रशिक्षणार्थी' होतो. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळतं आणि कामगार कायदे, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) त्याला लागू होत नाहीत. नोंद नसेल तर तुम्ही त्याला काहीही म्हणा, कायद्याच्या दृष्टीने तो तुमचा कामगार. किमान वेतन, पीएफ, ईएसआय सगळं पहिल्या दिवसापासून मोजलं जातं.

आमच्या एका ग्राहकाकडे घडलेली गोष्ट सांगतो. त्यांच्या मशीनशॉपमध्ये ड्रिलिंगवर एका मुलाचा हात सापडला. हातमोजा घालून तो चालू ड्रिलजवळची बर (कापलेल्या धातूचा कीस) काढायला गेला होता. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजा घालायचा नसतो, हे त्याला कुणी बसवून शिकवलंच नव्हतं. मालक भला माणूस. दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी केला, मुलाच्या घरी दोनदा जाऊन आले. पण कागदावर काहीच नव्हतं. करार नाही, ईएसआय नंबर नाही, आणि दिलेली रक्कम किमान वेतनापेक्षा कमी. 'शिकाऊ आहे' हे मालकांचं म्हणणं खरं होतं, पण ते सिद्ध करायला एक ओळही हाताशी नव्हती. मुलाचं नुकसान तर आणखी मोठं. पाच महिने तो खरोखर शिकत होता, पण त्यातला एकही दिवस त्याच्या प्रमाणपत्रासाठी धरला गेला नाही.

कुणाला ठेवावेच लागतात?

२०१९ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. संख्या एकूण मनुष्यबळाच्या किमान २.५ टक्के आणि जास्तीत जास्त १५ टक्के.

'एकूण मनुष्यबळ' यात कंत्राटी माणसंही मोजतात, आणि निम्मे मालक इथेच चुकतात. "माझ्याकडे अठ्ठावीसच आहेत, मला लागू नाही" असं सांगणाऱ्या मालकांच्या फेटलिंगवर (ओतीव नगांच्या साफसफाईवर) आणि लोडिंगवर ठेकेदाराची बारा माणसं असतात. म्हणजे झाले चाळीस. चाळिसाला किमान एक आणि जास्तीत जास्त सहा उमेदवार.

संख्या भरली नाही तर लगेच दंड बसत नाही. अधिकाऱ्याने आधी एक महिन्याची लेखी नोटीस देऊन कारण विचारायचं, तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा कायद्याचा क्रम आहे. कारण पटलं नाही, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रत्येक रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि पुढे जागा भरेपर्यंत दरमहा १,००० रुपये. एक जागा वर्षभर रिकामी राहिली तर १०,५०० रुपये होतात. याच दुरुस्तीने तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली, त्यामुळे जुन्या ऐकीव गोष्टींवरून घाबरू नका. पण नोटीस आली की ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्याच आठवड्यात आमच्याकडे पाठवा. उत्तर न दिलेल्या नोटिसा आम्ही बऱ्याच निस्तरल्या आहेत. वेळेत उत्तर दिलेल्या नोटिसांत सहसा फार काही उरत नाही.

देखरेख कुणाची?

देशपातळीवर हा विषय केंद्राच्या कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाकडे आहे. चार किंवा अधिक राज्यांत कारभार असलेल्या आस्थापना थेट केंद्राच्या अखत्यारीत येतात. आपल्यासारख्या बाकीच्या खासगी कारखान्यांसाठी राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. प्रत्यक्षात तुमचा संबंध येतो तो मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्राशी, ज्याला सगळे 'बीटीआरआय' म्हणतात. ही केंद्रं बहुधा आयटीआयच्या आवारातच असतात. पदवीधर आणि पदविकाधारक अभियंत्यांची वाट वेगळी: त्यांच्यासाठी शिक्षण मंत्रालयाची योजना आहे आणि आपल्या भागासाठी मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ, म्हणजे 'बोट'. डिप्लोमावाल्या मुलाचा अर्ज आयटीआयवाल्या पोर्टलवर घालून दोन महिने घालवणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे आधीच सांगतो.

कायद्याने देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला, बऱ्यापैकी अधिकार दिले आहेत. वाजवी वेळी तो कारखान्यात येऊ शकतो, नोंदवह्या मागू शकतो, उमेदवारांशी स्वतंत्र बोलू शकतो. मालक-उमेदवार वाद झाला तर निकाल तोच देतो. तो मान्य नसेल तर ३० दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येतं.

तपासणी म्हटली की आपल्याकडे छातीत धस्स होतं. आमचा अनुभव असा की कागद जागेवर असले तर अर्ध्या तासाचं काम असतं. करार, हजेरी, विद्यावेतन बँकेतून गेल्याचा पुरावा आणि उमेदवाराची कामाची वही, एवढंच बघितलं जातं. यातली वही सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

एका मुलाची वही आम्ही उघडली तर सलग तेवीस दिवस एकच नोंद: 'काम केले'. खाली सुपरवायझरच्या तेवीस सह्या, सगळ्या एकाच पेनने, एकाच बैठकीत केलेल्या. दुसऱ्या एका ग्राहकाकडच्या टर्नर मुलाची वही बघा: 'पंप हाऊसिंगचं फेसिंग. फोर-जॉ चकमध्ये डायल लावून सेंटर केलं. पहिल्या दोन जॉबना चॅटर आला. टूल होल्डरच्या बाहेर जास्त होतं, आत घेतल्यावर गेला.' चार ओळी आहेत. पण त्या वाचल्या की मुलगा शिकतोय हे कुणालाही कळतं, आणि शिकवणारा शेजारी उभा होता हेही कळतं. अधिकाऱ्याने त्या कारखान्यात पुढे फारसं काही विचारलंच नाही. आमची कळकळीची विनंती आहे की रोज सुट्टीच्या आधी दहा मिनिटं मुलांना वहीसाठी द्या.

पैशाचं गणित

२०१९ च्या नियमांत विद्यावेतनाचे किमान दर असे ठरले: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी ७,०००, आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,००० रुपये महिना. दुसऱ्या वर्षी यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हा किमान दर आहे. जास्त द्यायला कुणाची आडकाठी नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढ करून ते ६,८०० ते १२,३०० रुपये करावेत अशी शिफारस केली. म्हणून प्रत्येक करार करताना त्या तारखेला लागू असलेला दर आम्ही अधिसूचनेतून पाहूनच भरतो. तुम्हीही गेल्या वर्षीच्या करारावरून आकडा उतरवून घेऊ नका.

सरकारचा हातभार दोन वाटांनी मिळतो. आयटीआय आणि नवख्या उमेदवारांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी मंजूर झाला. यात विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. पूर्वी मालकाने सगळे पैसे द्यायचे आणि परताव्यासाठी दावा घालून वाट बघायची, असं होतं. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. म्हणजे ७,००० रुपये विद्यावेतनाच्या आयटीआय उमेदवाराला तुमच्याकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५००. पदविका आणि पदवीधरांच्या योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र उचलतं.

सरकारचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक आणि आधारवर दुसरं. करार करण्याआधीच मुलाला बँकेत पाठवून हे नीट करून घ्या. नंतर तोच मुलगा "माझे दीड हजार आले नाहीत" म्हणून तुमच्याच केबिनबाहेर उभा राहतो, आणि त्याचं चूक नसतं.

तुमचा वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत, बँकेतूनच द्या. रोख देऊन व्हाउचरवर सही घेणं बंद करा. नगावर पैसे देणंही या कायद्यात चालत नाही. उमेदवाराला पीसरेट लावता येत नाही आणि उत्पादन बोनसच्या योजनेतही ओढता येत नाही. हा नियम आम्हाला मनापासून पटतो. नगावर पैसे सुरू झाले की मुलगा शिकायचं सोडून मोजायला लागतो, आणि सहा महिन्यांनी त्याला एकच ऑपरेशन येत असतं.

अपघाताची तयारी

सुरक्षिततेचे नियम उमेदवाराला कामगाराइतकेच लागू आहेत, आणि दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ईएसआयचं छत्र त्याच्यावर नाही, हे लक्षात घ्या. म्हणून उमेदवारांची नावं घालून वेगळी अपघात विमा पॉलिसी घ्या, असा आमचा आग्रह असतो. कायदा याची सक्ती करत नाही, पण पॉलिसी नसलेल्या कारखान्याचा उमेदवारी करार हातात घेताना आम्हाला बरं वाटत नाही.

वयाचंही पाहा. कायद्याने १४ वर्षं पूर्ण झालेला मुलगा उमेदवार होऊ शकतो, पण धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडसाठी १८ वर्षं लागतात, आणि कायद्यातल्या धोकादायक प्रक्रियांच्या उद्योगांच्या यादीत फाउंड्रीचं नाव आहे. भट्टी, पोअरिंग, शॉट ब्लास्टिंग इथे अठरा पूर्ण नसलेला मुलगा नकोच. अठराखालच्या मुलाच्या करारावर पालकाची सही लागते. ती सही घ्यायला पालकांना कारखान्यात बोलवा. पोरगं कुठे उभं राहणार आहे ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघू द्या.

उमेदवाराला ओव्हरटाइमला थांबवायचं असेल तर सल्लागाराची आधी मंजुरी लागते, आणि ती प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच मिळते. डिस्पॅचची घाई हे त्यात बसत नाही.

मध्येच सोडलं किंवा काढलं तर

करार मोडायचा तर दोघांपैकी कुणीही सल्लागाराकडे अर्ज करायचा. मालकाच्या चुकीमुळे करार संपला तर उमेदवाराला तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. परीक्षा पास झालेल्या मुलाला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं आणि ते देशभर चालतं.

दोन योजनांची गल्लत

२०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये राज्य सरकार थेट देतं. ती चांगली सोय आहे, पण ती शिकाऊ उमेदवारी नाही. त्या योजनेतली मुलं दाखवून तुमचे २.५ टक्के भरत नाहीत, आणि त्या मुलांना उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळत नाही.

आमच्याकडे येताना

पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी, जागा जाहीर करणं, करार तयार करणं आणि सल्लागाराची मंजुरी येईपर्यंतचा पाठपुरावा आम्ही करतो. कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर जावा लागतो. म्हणून मुलगा रुजू व्हायच्या निदान आठ दिवस आधी या. येताना कारखान्याचा परवाना, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र आणि ठेकेदाराच्या माणसांसह हजेरीचा तक्ता आणा. मुलाचं आधार, बँक पासबुक, दहावी आणि आयटीआयची गुणपत्रिका हवी. आणि शक्य असेल तर मुलालाही घेऊन या. करार मराठीत समजावून सांगितल्याशिवाय आम्ही त्याला मान्यतेचं बटण दाबू देत नाही. त्याला पंधरा मिनिटं लागतात. आमची फी मालकाकडून, करारामागे ठरलेली. उमेदवाराकडून किंवा त्याच्या विद्यावेतनातून आम्ही एक रुपयाही घेत नाही. आमच्या नावाने कुणी मागितला, तर मुलाला सरळ आमच्याकडे पाठवा.