तुमच्या वेबसाइटचे रूप आम्ही कसे ठरवतो

वेबसाइटचे रंग, अक्षरांची मापे, बटणे, मोकळी जागा हे सगळे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या संगणकीय भाषेत, लिहिलेले असते. त्यासाठी बूटस्ट्रॅपसारखी तयार फ्रेमवर्क, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या नियमांचे संच, २०११ पासून मोफत मिळतात आणि ती भक्कम आहेत. तरीही आम्ही स्वतःचे छोटे फ्रेमवर्क बांधले आहे, कारण आमच्या ग्राहकांचा मजकूर मराठी असतो आणि तयार मापे रोमन लिपी धरून काढलेली असतात.

शीर्षकाचेच बघा. बूटस्ट्रॅपमध्ये शीर्षकाच्या ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट असते. इंग्रजीला तेवढी पुरते. मोबाइलवर ‘घरगुती वस्तूंची’ या ओळीखाली ‘दुरुस्ती व विक्री’ आले, की वरचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो. म्हणून आम्ही शीर्षकाला १.५ आणि मजकुराला १.७ पट उंची देतो. अक्षरे सुटी करून लिहिण्याची फॅशन आमच्याकडे मराठीला बंद आहे. शिरोरेषा तुटलेली आम्हाला बघवत नाही. पानाची भाषा मराठी असल्याचेही आम्ही कोडमध्ये नोंदवतो. फॉन्टमध्ये सोय असेल, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात.

रंग ठरवताना नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. नेहमीच्या मापाचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान ४.५ : १ हवा, असे वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. स्क्रीनवर नेहमी दिसणाऱ्या भगव्या छटेवर पांढरी अक्षरे घेतली, तर तो जेमतेम २ : १ भरतो. भर उन्हात ते बटण कोण वाचणार? त्याच भगव्यावर काळी अक्षरे घेतली, की फरक ९ : १ च्या वर जातो. भगवा तुमचाच राहतो, फक्त अक्षरांचा रंग आम्ही बदलायला सांगतो.

प्रत्येक रंग आणि माप एकाच ठिकाणी नोंदलेले असते. उद्या दुकानाचा रंग बदललात तर एक ओळ बदलते, पाने धुंडाळावी लागत नाहीत. अक्षरांची मापेही अशी देतो, की आजोबांनी ब्राउझरमध्ये अक्षरे मोठी करून ठेवली असतील तर साइट ते मानते.

पहिल्या भेटीला येताना खरा मजकूर आणा: दरपत्रक, वस्तूंची पूर्ण नावे, पत्ता. नावे लांबलचक असली तरी कापू नका. मांडणी आम्ही त्यांच्यावरच तपासतो.