सीमा नाका, व्यापारी

सीमा नाका, व्यापारी : शेजारी देशाशी खुष्कीच्या मार्गाने चालणारी मालाची ने-आण जेथे तपासून, नोंदवून व शुल्क आकारून सोडली जाते ते ठिकाण. भारतात ते सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७ खाली अधिसूचित व्हावे लागते. माल कोणत्या रस्त्याने न्यायचा तेही त्याच कलमाखाली ठरते. अधिसूचना नसेल, तर बांधलेले फाटक व शेड यांचा व्यापाराला उपयोग नाही. भारतीय भू-बंदर प्राधिकरण २०१२ मध्ये स्थापन झाल्यावर निवडक नाक्यांचे ‘एकात्मिक तपासणी नाके’, म्हणजे सर्व तपासण्या एकाच आवारात करणारे नाके, झाले (अटारी, २०१२; पेट्रापोल, २०१६).

नाशिक जिल्ह्याला परदेशाची हद्द नाही. तरी लासलगाव-पिंपळगावचा कांदा आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षे बांगलादेशात जातात, ती पश्चिम बंगालमधील, सु. २,००० किमी. दूर असलेल्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवरून.

पूर्वेतिहास : वाटेवर नदी ओलांडण्याच्या सोयींचा या भागातील जुना उल्लेख नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील लेणे क्र. १० मध्ये आहे. क्षहरात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर होड्यांची फुकट तर (नदीपार नेण्याची सोय) ठेवल्याचे तेथील लेखात म्हटले आहे. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा. दोन्ही नद्या नाशिकच्याच पश्चिम भागात उगम पावतात. इबा म्हणजे अंबिका व करबेणा म्हणजे तिची उपनदी कावेरी, हे समीकरण मात्र मुख्यतः नामसाधर्म्यावर उभे आहे. या लेखात वर्ष नाही. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात. ती शकाची मानल्यास काळ इ. स. ११९ ते १२३ च्या सुमारास येतो. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासग्रंथातील ‘मंबनोस’ हाच नहपान असे धरल्यास पहिले शतक अधिक जुळते, आणि तेच संभाव्य दिसते. उषवदाताची माफी तरीच्या भाड्याची होती. मालावरील जकातीचा उल्लेख तेथे नाही.

दर्जावाढ : सुरुवात इमारतीपासून न करता एका गाडीला लागणाऱ्या वेळेपासून करावी. कागद, वजन व तपासणी मिळून गाडीमागे २० मिनिटे गेली, तर एका रांगेतून आठ तासांत २४ गाड्याच निघतात. रोज १०० गाड्यांना पाच रांगा लागतील. वेळ कमी करणे त्याहून स्वस्त पडते : कागद आधीच ऑनलाइन दाखल झाले, की फाटकावर फक्त गाडीचा क्रमांक व सील पाहायचे उरते.

आवार काँक्रीटचे हवे. जड गाड्या जागेवर वळतात तेथे डांबर उन्हात दबते आणि पेव्हर ब्लॉक खचतात. लांब ट्रेलरसाठी १८ मी. चा भुईकाटा (भरलेल्या गाडीचे वजन करणारा काटा) लागतो. खड्ड्यातल्या काट्यात पावसाळ्यात पाणी साचून लोडसेल (वजन टिपणारे भाग) बिघडतात, म्हणून जमिनीवरचा बरा. येणाऱ्या व जाणाऱ्या गाड्यांना एकच काटा ठेवला, की गाड्या समोरासमोर येऊन अडतात.

कांद्याला शीतगृह नको, वारा हवा. ताडपत्री आवळलेली गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी राहिली, की मधल्या गोण्यांना घाम सुटतो. मग काजळी (काळी बुरशी) धरते आणि सड लागते. द्राक्षांचे उलट : त्यांना ०° ते १° से. तापमान, म्हणजे उभ्या गाडीला थ्री-फेज जोड व जनरेटर. शिवाय कांदा वाटेत सुकत असल्याने बाजार समितीतले व सीमेवरचे वजन जुळत नाही. किती घट ग्राह्य धरायची हे लेखी ठरलेले नसेल, तर प्रत्येक गाडी संशयावर रिकामी करावी लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकच बाजू सुधारणे. पेट्रापोलहून गेलेली भारतीय गाडी पलीकडे बांगलादेशातील बेनापोलच्या आवारात रिकामी होऊन परतते. तेथे जागा नसेल, तर इकडची रुंद रांग नुसती उभी राहते. शुक्रवारी तिकडे सुटी असते, हेही नाशिकहून गाडी सोडताना धरावे लागते. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र (बाजारात ‘फायटो’) व तिकडचा आयात परवाना यांपैकी एक जरी मागे राहिला, तरी गाडी पुढे सरकत नाही.

धोरणापुढे मात्र नाक्याची क्षमता कामी येत नाही. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांदा निर्यातबंदी झाली तेव्हा सीमेवर पोचलेल्या गाड्या तेथेच अडकल्या. ८ डिसेंबर २०२३ ची बंदी ४ मे २०२४ पर्यंत टिकली.

राज्यसीमा : पेठ व सुरगाणा तालुक्यांतून गुजरातेत जाणाऱ्या रस्त्यांवर १ जुलै २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर करासाठी थांबणे संपले, परिवहन विभागाची वजन व परवान्याची तपासणी वेगळी. ताज्या भाजी-फळांना ई-वे बिलही (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागत नाही.